बशी फुटली तरी शुभच बोला: चिनी शुभवचनं समजून घेताना

चिनी नववर्षाच्या दिवसांत घरात एखादी बशी हातातून निसटून फुटली, तर जवळचं वडीलधारं माणूस रागवायच्या आधी पटकन म्हणतं, "स्वेइ-स्वेइ पिंग-आन!" तुकडे-तुकडे होणं याला चिनी भाषेत 'स्वेइ' म्हणतात. वर्षालाही 'स्वेइ'च म्हणतात. लिहिताना दोन्हींची चिन्हं निराळी, पण उच्चार अगदी एक. 'पिंग-आन' म्हणजे सुखरूप. म्हणजे तोंडातून निघालं "तुकडे", आणि कानावर पडलं "वर्षानुवर्षं सुखरूप राहा". बशी गेली ती गेलीच, पण सणाच्या दिवशी अपशकुन झाला म्हणून कुणाचं तोंड उतरत नाही. काही घरांत ते तुकडे लाल कागदात गुंडाळून दोन-चार दिवस ठेवतात आणि मग टाकतात.

अशा बोलांना चिनी लोक 'जी-श्यांग ह्वा' म्हणतात, शुभ बोल. त्यांच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात: अमक्याचा अर्थ 'धनलाभ होवो', तमक्याचा अर्थ 'दीर्घायुषी व्हा'. अर्थ बरोबरच असतात. पण लग्नाच्या पलंगावर शेंगदाणे का, दारावरचं अक्षर उलटं का, देवळाच्या छतावर वटवाघळं का, हे अर्थ पाठ करून कळत नाही. कारण या वचनांचं निम्मं काम अर्थ करतो आणि निम्मं काम आवाज करतो. त्यातही आवाजाचं पारडं जरा जडच. (इथे दिलेले उच्चार देवनागरीत बसतील तेवढेच आहेत. चिनी शब्दाचा सूर वर चढतो, खाली उतरतो, तो लिहून दाखवायची सोय आपल्याकडे नाही.)

आवाजाला एवढं महत्त्व येण्याचं कारण भाषेच्या घडणीत आहे. आजच्या प्रमाण चिनी भाषेत सूर वगळले तर जेमतेम चारशे वेगवेगळी अक्षरं, म्हणजे उच्चाराचे तुकडे, आहेत. सूर धरून मोजले तरी तेराशेच्या आसपास. लिपीतली नेहमीच्या वापरातली चिन्हं मात्र हजारोंच्या घरात. साहजिकच एकेका उच्चाराच्या वाट्याला ढीगभर शब्द येतात. जो श्लेष आपल्याकडे कवी मुद्दाम जुळवतात, तो तिथे स्वयंपाकघरात आपोआप पडलेला असतो.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण माशाचं. नववर्षाच्या आदल्या रात्री सगळं घर जेवायला एकत्र जमतं, तेव्हा पानात अख्खा मासा हवा, डोक्या-शेपटीसकट. आणि तो संपवायचा नाही. थोडा दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचा. मासा म्हणजे 'यू', आणि शिल्लक म्हणजेही 'यू'. वचन आहे "न्येन-न्येन यौ यू", दरवर्षी काहीतरी शिल्लक राहो. मला हे वचन सगळ्यात आवडतं, कारण त्यात हाव नाही. कणगीत पुढच्या सुगीपर्यंत चार दाणे उरावेत, एवढंच शेतकऱ्याचं मागणं आहे. मासा कुठला घ्यायचा, यातही कानाचाच कौल. शिंगाळ्यासारख्या मिशाळ माशाला 'न्येन-यू' म्हणतात, तेव्हा 'वर्ष' आणि 'शिल्लक' दोन्ही एकाच माशात. किनाऱ्यावरची आणि होड्यांवर पोट असलेली माणसं वरची बाजू खाऊन झाल्यावर मासा पालथा करत नाहीत. होडी उलटेल! मधला काटा उचलून खालचं मांस काढतात.

लग्नाच्या पलंगावर चार जिन्नस पसरतात: लाल खजुरासारखं दिसणारं चिनी बोर, भुईमुगाच्या शेंगा, लाँगन हे लिचीच्या जातीचं फळ, आणि कमळाच्या बिया. बोर म्हणजे 'त्साव', भुईमूग 'ह्वा-शंग', लाँगन 'ग्वेइ-युआन', कमळबी 'ल्येन-त्झ'. चौघांतला एकेक आवाज उचलला की "त्साव शंग ग्वेइ-त्झ" तयार होतं: लवकर पुत्ररत्न होवो. भुईमुगाचं आणखी एक काम आहे. 'ह्वा-शंग' याचा अर्थ 'आलटून-पालटून जन्म' असाही लावता येतो, म्हणजे मुलगेही होवोत आणि मुलीही. नवरा-नवरीला रात्री त्या शेंगा टोचतात ते वेगळंच.

वटवाघूळ आपल्याकडे घरात शिरलं तर झाडू घेऊन मागे धावतात. चीनमध्ये ते सुखाचं चिन्ह आहे, कारण त्याच्या नावातला 'फू' आणि सुख-सौभाग्य या अर्थाचा 'फू' एकाच आवाजाचे. राजेशाही अंगरख्यांवर, चिनी मातीच्या भांड्यांवर, लाकडी खिडक्यांवर वटवाघळं दिसतात ती यासाठी. लाल रंगाची असतील तर आणखी उत्तम, कारण लाल म्हणजे 'होंग' आणि अफाट म्हणजेही 'होंग'. पाच एकत्र काढली की ते 'वू-फू', पाच सुखं. ही पाच सुखं कुठली, हे चीनच्या अतिप्राचीन 'शू-चिंग' या ग्रंथात दिलेलं आहे: दीर्घ आयुष्य, संपत्ती, निरोगी आणि निश्चिंत जगणं, सदाचाराची आवड, आणि शेवटी आयुष्य पुरं करून आलेलं शांत मरण. यादीत पैसा दुसरा आणि सदाचार चौथा आहे याकडे कुणी बोट दाखवेल. मला मात्र पाचवं सुख थबकायला लावतं. 'चार' आणि 'मरण' यांचे उच्चार जवळचे, म्हणून मरणाचा नुसता उच्चार टाळण्यासाठी चौथ्या मजल्याचा आकडा गाळणाऱ्या लोकांनी सुखांच्या मूळ यादीत चांगल्या मरणाला जागा दिली आहे.

हाच 'फू' लाल कागदावर लिहून दारावर लावतात. बेजिंगला राजपुत्र गोंग याचा वाडा आहे, तिथे खांगशी बादशहाच्या हातचा 'फू' शिळेवर कोरलेला आहे आणि तो पाहायला माणसांची रीघ लागते. बऱ्याच घरांत मात्र हे अक्षर उलटं चिकटवलेलं दिसतं. 'उलटं झालं' म्हणजे 'दाव', आणि 'आलं, पोचलं' म्हणजेही 'दाव'. पाहुणा म्हणतो, "अहो, तुमचा फू उलटा झालाय," आणि घरमालकाला ऐकू येतं, "तुमच्याकडे सुख आलंय." युक्ती झकास आहे, पण परंपरा पाळणारे लोक मुख्य दारावर ती चालवून घेत नाहीत. तिथला फू सरळच हवा. उलटा लावायचा तो पाण्याच्या रांजणावर, कपाटावर, धान्याच्या पेटीवर. मला त्यांचं म्हणणं पटतं. उंबरठ्यावर स्वागताला उभं राहिलेलं अक्षर डोक्यावर उभं कशाला करायचं?

आवाजानंतर ताल. बहुतेक शुभवचनं चार अक्षरांची असतात, दोन आणि दोन अशी पडणारी. "वान-शि रू-यी", सगळं मनासारखं होवो. "बू-बू गाव-शंग", पावलोपावली वर चढा. चीनचा सगळ्यात जुना काव्यसंग्रह 'शी-चिंग', अडीच हजार वर्षांहून जुना, त्यातल्या बहुतेक ओळी चार अक्षरांच्याच आहेत. तेव्हापासून हा ठेका कानात बसला आहे. तीन अक्षरांत सांगता येणारी गोष्टसुद्धा शुभेच्छा म्हणून द्यायची असेल तर ताणून चारांत बसवतात. वृद्धांच्या वाढदिवसाला म्हणायचं वचन तर चार-चार अक्षरांची जोडीच आहे: "फू रू दोंग-हाय, शौ बी नान-शान." सुख पूर्वेच्या समुद्राएवढं, आयुष्य दक्षिणेच्या पर्वताएवढं. त्यातला दक्षिणेचा पर्वत थेट त्या काव्यसंग्रहातून आलेला आहे. न ढळणाऱ्या, न कोसळणाऱ्या दक्षिण पर्वतासारखं आयुष्य लाभो, अशी तिथे राजाला दिलेली शुभेच्छा आहे. आज ती केकवर क्रीमने लिहिलेली असते.

दाराच्या दोन्ही बाजूंना लावायच्या लाल पट्ट्यांवर हीच जोडी लांब होते. दोन ओळी, अक्षरं सारखी, नामासमोर नाम, क्रियापदासमोर क्रियापद, आणि सूरही एकमेकांना उत्तर देणारे. दाराकडे तोंड करून उभं राहिलं की पहिली ओळ उजवीकडे. हल्ली छापील पट्ट्या विकत आणून घाईत उलट-सुलट लावलेल्या खूप दिसतात. या प्रथेतली पहिली जोडओळ म्हणून जिचं नाव घेतात तिची कथा मजेशीर आहे. दहाव्या शतकात छंगदू इथे राज्य करणाऱ्या मंग छांग या राजाने, इ.स. ९६४च्या सुमारास, नववर्षासाठी स्वतः दोन ओळी लिहिल्या: नव्या वर्षी उरलेलं सुख घरात येवो, या शुभ सणाला 'दीर्घ वसंत' म्हणोत. 'उरलेलं सुख' म्हणजे 'यू-छिंग', 'दीर्घ वसंत' म्हणजे 'छांग-छुन'. ९६५मध्ये सोंग घराण्याच्या सैन्याने त्याचं राज्य घेतलं. छंगदूचा कारभार पाहायला सोंग सम्राटाने जो अधिकारी पाठवला, त्याचं नाव होतं ल्यू यू-छिंग. आणि त्या सम्राटाच्या जन्मदिवसाच्या उत्सवाचं नाव होतं छांग-छुन. राजाने शुभ म्हणून जे दारावर लिहिलं, ते अक्षरशः खरं झालं, फक्त दुसऱ्याच्या नावावर. कथा नंतरच्यांनी रंगवली असेलही, पण बोललेला शब्द नेमका कसा उतरेल याचा भरवसा नसतो, ही धास्ती तिच्यात पुरेपूर आहे.

म्हणूनच शुभ बोलण्याइतकंच अशुभ टाळणंही मोठं शास्त्र आहे. इथे मराठी माणसाला फार समजवावं लागू नये. आपण दुकान 'वाढवतो', नारळ 'वाढवतो', बांगडी फुटली तर ती 'वाढली' म्हणतो, आणि निघताना 'येतो' म्हणतो. हाँगकाँग आणि ग्वांगदोंगकडे, म्हणजे कँटनी बोलणाऱ्या प्रदेशात, हे फार पुढे गेलेलं आहे. तिथे 'रिकामं' आणि 'अनिष्ट' यांचा उच्चार एकच, 'हुंग'. म्हणून भाड्याने द्यायच्या रिकाम्या घराला 'गाट उक', शुभ घर, म्हणतात. दलालाच्या पाटीवरही तेच लिहिलेलं असतं. जीभ या शब्दाचा उच्चार 'तोटा' या शब्दासारखा येतो, म्हणून खाटकाकडे डुकराची जीभ मागताना 'नफा' या अर्थाच्या आवाजाचा शब्द वापरतात. आपण 'चॉपस्टिक' म्हणतो त्या काड्यांचं जुनं चिनी नाव 'चू', आणि थांबणं म्हणजेही 'चू'. होडी थांबली तर नावाड्याचं पोट थांबलं. मग नदीवरच्या लोकांनी त्यांना 'ख्वाय', म्हणजे भरभर, म्हणायला सुरुवात केली. पंधराव्या शतकात लू रोंग या अधिकाऱ्याने आपल्या टिपणांत याची नोंद केली आहे. तेव्हाचा नावाड्यांचा शब्द आज साऱ्या चीनचा आहे.

तरीही एखादा शब्द निसटलाच तर? कँटनी माणूस लगेच म्हणतो, "दाय गाट लेई सी!" म्हणजे अख्खा शुभंकरोति एका दमात. आपल्या 'शुभ बोल रे नाऱ्या'चा हा त्यांच्याकडचा भाऊ. लहान मुलांची गोष्ट वेगळी, ती काहीही बोलतात. त्यांच्यासाठी पूर्वी भिंतीवर आधीच चिठ्ठी लावून ठेवत: "थोंग-यान वू-जी", मुलांच्या बोलण्याचा दोष नाही. मला ही सोय फार शहाणपणाची वाटते.

भेटवस्तूंतही हेच. भिंतीवरचं घड्याळ भेट देणं म्हणजे 'सोंग चोंग', आणि मरणाऱ्याला शेवटचा निरोप देणं म्हणजेही 'सोंग चोंग'. छत्रीचा आवाज ताटातुटीसारखा, नासपतीचा वियोगासारखा. २०१५च्या जानेवारीत ब्रिटनच्या एका मंत्रीणबाईंनी तैपेईचे महापौर को वेन-जे यांना खिशातलं घड्याळ भेट दिलं. महापौर पत्रकारांना म्हणाले, भंगारवाल्याला देऊन टाकीन. मग बाईंना माफी मागावी लागली. खरं तर खिशातल्या घड्याळाचा शब्द वेगळा आहे, त्याचा अंत्यविधीशी संबंध नाही. पण एकदा मनात आलं की आलं.

आता पैशाचं. "गोंग-शी फा-त्साय" हे परदेशात सगळ्यात माहीत असलेलं वचन. 'अभिनंदन, श्रीमंत व्हा' असा त्याचा सरळ अर्थ. आपल्याला जरा उघडंवाघडं वाटतं, पण तिथे पैशाची शुभेच्छा देण्यात कुणाला संकोच नाही. कँटनीत हेच "कुंग हेइ फाट चोय" होतं, आणि जगभरच्या चिनी वस्त्यांत तेच जास्त ऐकू येतं, कारण बाहेर पडलेले लोक बहुतेक दक्षिणेकडचे. मुंबईत माझगावला डॉकयार्ड रोडजवळ 'सी यिप कून' हे १९१९ सालचं छोटं चिनी मंदिर आहे. त्याचं नावच ग्वांगदोंगमधल्या चार परगण्यांवरून पडलेलं आहे. वरच्या मजल्यावर ग्वान यू या योद्धा-देवाची स्थापना आहे आणि चिनी नववर्षाला तिथे लोक जमतात. आठ या आकड्याचा दबदबाही याच 'फा'मुळे. आठ म्हणजे 'बा', कँटनीत 'बाट', आणि भरभराट म्हणजे 'फाट'. बेजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन ८-८-२००८ला रात्री आठ वाजता झालं, ते उगाच नाही. २००३मध्ये सिचुआन एअरलाइन्सने आठ वेळा आठ असा फोन नंबर लिलावात २३ लाख युआनहून जास्त मोजून घेतला.

या आवाजाच्या हौसेची किंमत कधी कधी भलत्यानेच चुकती केली आहे. 'फाट चोय' याच नावाचं एक केसांसारखं काळं शेवाळ आहे. ते उत्तर चीनमधल्या आतल्या मंगोलियात (इनर मंगोलिया), निंगश्यात, गान्सूत, कोरड्या माळरानावर मातीला चिकटून वाढतं. चवीला म्हणाल तर काहीच नाही. पण नाव 'श्रीमंत व्हा', म्हणून नववर्षाच्या ताटात ते हवंच. सोबत वाळवलेले कालव, 'हो सी', कारण त्याचा आवाज 'बाजार तेजीत' असा. दक्षिणेकडच्या जेवणावळींसाठी उत्तरेचे गरीब लोक लोखंडी दाताळी घेऊन माळ खरवडत राहिले. शेवाळाबरोबर गवताची मुळंही निघाली, आणि वारा उरलेली माती घेऊन गेला. शेवटी २०००मध्ये चीन सरकारने ते गोळा करायला आणि विकायला बंदी घातली. त्यानंतर पिठापासून बनवलेला नकली माल बाजारात आला. शुभेच्छेपुरतं पाहिलं तर तो चालायला हरकत नसावी, कारण आवाज तोच राहतो.

वचन योग्य असलं तरी माणूस चुकला की फजिती होते. "छांग-मिंग बाय-स्वेइ", शंभर वर्षं जग, हे बाळाला म्हणायचं. नव्वदी ओलांडलेल्या आजोबांना म्हटलं तर मुदत सांगितल्यासारखं होतं. प्रवासाला निघालेल्याला "यी-लू शुन-फंग", वारा पाठीशी राहो, म्हणतात. पण विमानाने जाणाऱ्याला हे न म्हणणारे बरेच आहेत, कारण विमान समोरच्या वाऱ्यावर उड्डाण घेतं. त्याला "यी-लू पिंग-आन" म्हणावं. आणि "यी-लू त्सौ हाव", शब्दशः 'वाटेने नीट जा', हे दिसायला सगळ्यात साधं वचन जिवंत माणसाला अजिबात म्हणू नये. ते गेलेल्याला म्हणतात.

हे सगळं जुनं-पुराणं आहे असं वाटत असेल तर जूनमध्ये चीनमधल्या परीक्षा केंद्रांबाहेर पाहावं. २०२४मध्ये विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेला १ कोटी ३४ लाख मुलं बसली. फाटकाबाहेर कित्येक आया 'छी-पाव' हा अंगाबरोबर बसणारा पारंपरिक पोशाख घालून उभ्या असतात, कारण "छी-खाय द-शंग", झेंडा उलगडताच विजय, यातला झेंडाही 'छी'च. हातात सूर्यफूल असतं, कारण त्याचा 'ख्वेइ' पहिला नंबर या अर्थाच्या 'ख्वेइ'सारखा. जांभळ्या चड्डीचाही एक टोटका आहे. 'जांभळं बूड' याचा उच्चार 'नक्की' या शब्दाच्या जवळ जातो. पोरं तो हसत हसत करतात, पण करतात.

घोड्याच्या वर्षी तर पोरांनी जुन्या कारागिरांवर मात केली. घोड्यावर बसलेलं माकड हे जेडच्या दागिन्यांतलं जुनं चित्र: "मा-शांग फंग-हौ". घोड्यावर म्हणजे 'मा-शांग', आणि त्याचाच दुसरा अर्थ 'लगेच'. माकड म्हणजे 'हौ', आणि सरदारकीची पदवीही 'हौ'. एकूण, लगेच सरदार व्हा. २०१४ हे घोड्याचं वर्ष होतं. तेव्हा लोकांनी खेळण्यातल्या घोड्यावर नोटा ठेवून फोटो टाकले: लगेच पैसे. घोड्यावर छोटं घर ठेवलं: लगेच घर. आणि घोड्यावर दोन हत्ती बसवले, कारण हत्तींची जोडी म्हणजे 'द्वेइ-श्यांग', आणि प्रियकर किंवा प्रेयसी म्हणजेही 'द्वेइ-श्यांग'. सरदारकी कुणालाच नको होती.

२०२७चं चिनी नववर्ष ६ फेब्रुवारीला सुरू होतं, आणि ते 'यांग'चं आहे. शेळी आणि मेंढी दोन्ही या एकाच शब्दात येतात. सूर्य, ऊब, तेज या अर्थाचा शब्दही 'यांग'. तेव्हा तीन शेळ्यांची चित्रं दिसतील आणि खाली "सान यांग खाय थाय" लिहिलेलं असेल: तीन तेजोरेषा उगवल्या, सुकाळ आला. 'ई-चिंग' या प्राचीन शकुनग्रंथातल्या 'थाय' या सहा रेषांच्या चिन्हात खालच्या तीन रेषा तेजाच्या असतात आणि चांद्र वर्षाच्या पहिल्या महिन्याला ते चिन्ह जोडलेलं आहे, त्यावरून हे आलं. ओळखीच्या कुणा चिनी माणसाला तेव्हा निरोप पाठवायचा असेल तर हे पाठवा. "गोंग-शी फा-त्साय" पाठवलंत आणि समोरून "होंग-बाव ना लाय" असं उत्तर आलं, तर घाबरू नका. "मग आण इकडे पैशांचं लाल पाकीट," असं तो म्हणतो आहे.